बॅटरी भरलेली, तरी ट्रेलरमधला फ्रीझर मध्यरात्री बंद पडतो

लक्षण असं. संध्याकाळी फ्रीझर उणे १५ वर शांतपणे चालू असतो. सकाळी उठून बघावं तर पडद्यावर उणे ३, आणि वरची पाकिटं बोटाने दाबली की दबतात. बॅटरीला मीटर लावला तर १२.५ व्होल्ट, म्हणजे चांगली ऐंशी टक्क्यांच्या आसपास भरलेली. आठ-साडेआठला ऊन वर आलं की फ्रीझर आपला आपण सुरू होतो, रात्री काही झालंच नाही अशा थाटात. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच.

आमच्या ट्रेलरमध्ये हे दुखणं तीन वेळा उपटलं. तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं आणि एकदाही फ्रीझरचा दोष नव्हता. पहिल्या वेळी मी मात्र फ्रीझरलाच शिव्या घातल्या, मग बॅटरी नवी आणली, आणि सगळ्यात शेवटी जे आधी करायला हवं होतं ते केलं: फ्रीझर चालू असताना, त्याच्या प्लगपाशी व्होल्टेज मोजलं. बॅटरीपाशी मोजलेला आकडा बॅटरीबद्दल सांगतो. फ्रीझरला काय मिळतंय ते फक्त फ्रीझरपाशीच कळतं.

आधी आमची मांडणी सांगतो, म्हणजे पुढचे आकडे समजतील. आम्ही मेलबर्नला राहतो. कापडी तंबू उघडणारा कॅम्पर ट्रेलर आहे, मागे पलंगाखाली १०० अँपिअर-तासांची एजीएम, म्हणजे शिसाची सीलबंद बॅटरी, तिच्या शेजारी सरकत्या पाटावर ६० लिटरचा फ्रिज. हा फ्रिज मधल्या पडद्याने दोन भागांत विभागून एका बाजूला फ्रीझर करता येतो, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. येतो खरा, पण मग दुसऱ्या बाजूची कोथिंबीर काचेसारखी होते, हातात घेतली की तुकडे पडतात. आठ-दहा दिवस बाहेर राहायचं तर आमच्या घरात गोठवून न्यायच्या गोष्टी ठरलेल्या: भाजून ठेवलेल्या पोळ्या, खवलेला नारळ, खिमा, आणि फुट्सक्रेच्या बाजारातून आणलेली सुरमई, जी इथे स्पॅनिश मॅकरेल या नावाने मिळते. त्यासाठी ४० लिटरचा वेगळा फ्रीझर घेतला आणि तो ट्रेलरच्या पुढच्या पेटाऱ्यात, म्हणजे इथले लोक नोजबॉक्स म्हणतात त्यात बसवला. दुसरीकडे जागाच नव्हती. बॅटरी मागच्या टोकाला आणि फ्रीझर पुढच्या टोकाला, हीच पुढच्या सगळ्या पुराणाची सुरुवात.

पहिला झटका बसला फ्लिंडर्स रेंजेसमध्ये, विल्पेना पाउंडला. ॲडलेडच्या उत्तरेला साधारण ४३० किलोमीटर. दुसऱ्या सकाळी सुरमई मऊ लागली. मी म्हटलं, झाकण नीट लागलं नसेल. तिसऱ्या सकाळी झाकणावर पाण्याचा डबा ठेवूनही तेच. बायकोने त्या दुपारी सगळी सुरमई एकदम तळली, शेजारच्या तंबूतल्या दोन पोरांनाही बोलावलं, आणि मला म्हणाली, "आता तुमचं ते यंत्र रिकामं आहे, काय प्रयोग करायचे ते करा."

आधी फ्रीझर निर्दोष आहे का ते बघा

घरी आल्यावर पहिली गोष्ट ही करा. फ्रीझर ट्रेलरमधून काढून घरातल्या २४० व्होल्टच्या प्लगवर चोवीस तास लावा, आत पाण्याच्या चार बाटल्या ठेवून. उणे १५ ते उणे १८ ला जाऊन तिथे टिकला तर कंप्रेसर, गॅस, झाकणाचं रबर, थर्मोस्टॅट हे सगळं ठीक आहे. गडबड १२ व्होल्टच्या बाजूला आहे. माझा टिकला.

दुसरी गोष्ट नाण्याची. एका छोट्या वाटीत पाणी गोठवा, वर नाणं ठेवा आणि ती वाटी फ्रीझरमध्येच राहू द्या. रात्री फ्रीझर बंद पडून दिवसा पुन्हा सुरू झाला तर पडद्यावर उणे १५ दिसेल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. नाणं मात्र बर्फात खाली गेलेलं दिसेल. मासे-मटण नेणाऱ्यांनी हे कराच, कारण वितळून पुन्हा गोठलेला मासा दिसायला अगदी ताज्या गोठलेल्या माशासारखाच दिसतो. आमच्या वाटीत पाच रुपयांचं नाणं आहे, ऑस्ट्रेलियात त्याचा दुसरा उपयोग नाही.

सकाळचा मीटर खोटं का बोलतो

आता खरी गंमत. या जातीच्या बहुतेक फ्रीझरमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी एक राखणदार बसवलेला असतो. व्होल्टेज ठराविक आकड्याच्या खाली गेलं की तो कंप्रेसर बंद करतो, आणि त्याहून बऱ्याच वरच्या आकड्याला गेल्याशिवाय पुन्हा सुरू करत नाही. माझ्या फ्रीझरवर तीन पायऱ्या आहेत. सगळ्यात वरच्या पायरीवर ११.८ ला बंद आणि १२.६ ला चालू. मधल्या पायरीवर ११.४ ला बंद, १२.२ ला चालू. खालच्या पायरीवर १०.१ आणि ११.१. फ्रीझर दुकानातून आला तेव्हा वरच्या पायरीवर होता आणि मी तो तसाच ठेवला होता, कारण पुस्तिका वाचली नव्हती.

रात्री काय होतं ते बघा. कंप्रेसर चालू असताना साडेचार अँपिअर ओढतो. हे साडेचार अँपिअर सात मीटर बारीक वायरीतून जाऊन सात मीटर परत येतात. वाटेत वायर, फ्यूज आणि सॉकेट मिळून ०.७ व्होल्ट खातात. म्हणजे बॅटरीपाशी १२.५ असताना फ्रीझरला पोचतात ११.८. राखणदाराला वाटतं बॅटरी संपत आली, तो कंप्रेसर बंद करतो. बंद झाला की वायरीतून वीज वाहायची थांबली, मग वाटेत खाल्लं जाणारं व्होल्टेजही शून्य, आणि प्लगपाशी पुन्हा १२.५ दिसायला लागतात. पण सुरू व्हायला १२.६ हवेत. ते मिळत नाहीत. म्हणून फ्रीझर रात्रभर तसाच पडून राहतो, सकाळी सोलर पॅनल बॅटरीला १३ च्या वर नेतं आणि स्वारी जागी होते.

तुम्ही सकाळी सातला मीटर लावता तेव्हा फ्रीझर बंद असतो. त्यामुळे बॅटरीपाशीही १२.५ आणि प्लगपाशीही १२.५. सगळं आलबेल. या आकड्याने मला नवी बॅटरी घ्यायला लावली. नव्या बॅटरीवरही फ्रीझर मध्यरात्रीच बंद पडला, फार तर अर्धा तास उशिरा.

तुमच्याकडे फ्रीझर मधल्या पायरीवर असेल तर लक्षण थोडं वेगळं दिसेल: पहाटेपासून कंप्रेसर मिनिटभर चालतो, थांबतो, पुन्हा चालतो, पुन्हा थांबतो. बंद झाला की व्होल्टेज वर येतं, चालू झाला की कोसळतं. मुळात रोग तोच.

मोजायचं कसं

साधा मल्टिमीटर पुरतो. फ्रीझर उणे १८ वर लावा म्हणजे कंप्रेसर थांबणार नाही. मीटरचं एक टोक बॅटरीच्या धन टोकावर, दुसरं फ्रीझरच्या प्लगच्या धन टोकावर. मीटर जो आकडा दाखवेल तो धन बाजूच्या वाटेत खाल्लेला व्होल्टेज. मग तसंच ऋण बाजूला. हातातली टोकं पुरणार नाहीत, म्हणून जुन्या वायरचा सात-आठ मीटरचा तुकडा एका टोकाला जोडून घ्या. मोजण्यासाठी ती वायर कितीही बारीक चालते, मीटरमधून वीज नावापुरतीच जाते.

माझ्याकडे धन बाजूला ०.३८ आणि ऋण बाजूला ०.३२ आले. दोन्ही मिळून ०.७. पाव व्होल्टच्या वर गेलं की मी तरी वायर बदलायच्या विचाराला लागतो.

मग अर्धं-अर्धं करत जा. बॅटरी ते फ्यूजचं पलीकडचं टोक किती, फ्यूज ते सॉकेट किती, सॉकेट ते प्लग किती. जिथे आकडा एकदम उडी मारतो तिथे चोर आहे. उडी कुठेच नाही आणि लांबीप्रमाणे हळूहळू वाढत जातो, तर वायरच बारीक आहे. आमचं दुसऱ्या प्रकारचं होतं.

चार मिलिमीटर म्हणजे चार नव्हेत

हा भाग ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांनी दोनदा वाचावा. इथल्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानात वायरवर "४ मिमी", "६ मिमी" असं लिहिलेलं असतं. भारतात घरात वायरिंग करून घेताना आपण अडीच स्क्वेअर, चार स्क्वेअर म्हणतो ते तांब्याचं क्षेत्रफळ, चौरस मिलिमीटरमध्ये. इथल्या ऑटो केबलवरचे मिलिमीटर हे प्लास्टिकच्या आवरणासकट बाहेरची जाडी आहे. ४ मिमीच्या ऑटो केबलमध्ये तांबं असतं जेमतेम १.८४ चौरस मिलिमीटर. ६ मिमीमध्ये साधारण साडेचार. मी "चार"ची वायर आणली तेव्हा मनात पुण्याच्या घरातली एसीची चार स्क्वेअरची वायर होती. चांगली दणकट वायर टाकली अशा समाधानात मी वर्षभर होतो.

रिळावर "१५ अँपिअर" असंही छापलेलं होतं. ते खोटं नाही. १५ अँपिअरपर्यंत वायर तापून जळणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. सात मीटर पलीकडे किती व्होल्ट पोचतील याच्याशी त्या आकड्याला देणंघेणं नाही.

हिशेब सोपा आहे. जाऊन-येऊन लांबी मीटरमध्ये घ्या, तिला ०.०१७५ ने गुणा, तांब्याच्या चौरस मिलिमीटरने भागा, आणि अँपिअरने गुणा. माझं: १४ गुणिले ०.०१७५, भागिले १.८४, गुणिले ४.५. उत्तर ०.६ व्होल्ट. उरलेला ०.१ फ्यूज आणि सॉकेटमध्ये जात होता. कागदावरचं उत्तर आणि मीटरवरचा आकडा जुळला तेव्हा मी गॅरेजमध्ये एकटाच हसलो.

या छोट्या फ्रीझरांपैकी कितीतरींच्या पोटात डॅनफॉसचा, आता सेकॉप नावाने येणारा, बीडी३५एफ कंप्रेसर असतो. त्याच्या कागदपत्रांत १२ व्होल्टसाठी वायरचा तक्ता दिलेला आहे: अडीच चौरस मिलिमीटरची वायर बॅटरीपासून जास्तीत जास्त अडीच मीटर, चारची चार मीटर, सहाची सहा मीटर, दहाची दहा मीटर. लक्षात ठेवायला इतका सोपा तक्ता दुसरा नसेल. जितके मीटर तितके चौरस मिलिमीटर. शिवाय वायर थेट बॅटरीच्या टोकांवर आणा आणि १२ व्होल्टला १५ अँपिअरचा फ्यूज घाला, हेही त्यातच लिहिलेलं आहे.

मी ६ बी अँड एसची जुळी वायर आणली. बी अँड एस हे इथलं आणखी एक माप, यात आकडा लहान तितकी वायर जाड. सहा नंबरमध्ये १३.५ चौरस मिलिमीटर तांबं असतं. सात मीटरला दहाची पुरली असती, पण आठ नंबरची ८ चौरस मिलिमीटरच्या आसपास येते, म्हणजे अगदी काठावर, आणि मधली दुकानात नव्हती. नव्या वायरीत जाणारा व्होल्टेज ०.०८ निघाला.

वायर टाकताना दोन गोष्टी पाळल्या. ऋण वायरही बॅटरीपर्यंत वेगळी ओढली. ट्रेलरच्या सांगाड्याला बोल्ट मारून अर्थ घेतली की पैसे वाचतात, पण त्या बोल्टाखाली रंग, गंज आणि लाल माती साठते आणि वर्षभरात तिथे पुन्हा अर्धा व्होल्ट अडकतो. दुसरं, सिगारेट लायटरचं सॉकेट काढून टाकलं. त्याच्या टोकाला एक स्प्रिंगवाला खिळा असतो. इथले कच्चे रस्ते पन्हळी पत्र्यासारखे, तासाला साठच्या वेगाने त्यावरून शंभर किलोमीटर गेलं की तो खिळा सॉकेटमध्ये नाचत असतो. हात लावून बघा, तासभर चाललेल्या फ्रीझरचा प्लग कोमट लागला तरी समजा की वीज तिथे उष्णता होऊन चालली आहे. त्या जागी ५० अँपिअरचा करडा अँडरसन प्लग, म्हणजे हादऱ्यांनी न सुटणारा घट्ट जोड, बसवला. वॉरंटी चालू असेल तर फ्रीझरची मूळ वायर कापू नका, जोडवायर वेगळी करून घ्या.

टोकांना डाग न देता दाबून, म्हणजे क्रिंप करून लग, म्हणजे धातूच्या कड्या, बसवले. डाग दिलेली वायर जिथे कडक होते तिथेच हादऱ्यांनी तुटते. दाबायचं जड अवजार एका मित्राकडून उसनं आणलं.

राखणदाराला खाली उतरवा, पण आधी नव्हे

कोणी सांगेल, एवढा खटाटोप कशाला, फ्रीझर खालच्या पायरीवर लाव, १०.१ पर्यंत चालेल. चालेल, आणि बॅटरीचा जीव घेईल. शिसाच्या बॅटरीतली अर्धी वीज वापरली की थांबावं असा साधा नियम. १०.१ म्हणजे ती पुरती पिळून निघाली. वायर आधी सुधारा, मग पायरी मधली करा. आमची आता मधलीवर आहे आणि सकाळी बॅटरी साठ टक्क्यांच्या आसपास असते.

"लिथियम टाकली आणि प्रश्न मिटला" असं सांगणारेही भेटतात. जिलाँगचा एक मित्र त्यातलाच. लिथियम फॉस्फेटची बॅटरी रात्रभर १३ व्होल्टच्या आसपास राहते, त्यामुळे वाटेत ०.७ गेले तरी फ्रीझरला १२.३ पोचतात आणि राखणदार गप्प बसतो. वायर तशीच बारीक आहे, चोरी तशीच चालू आहे, ती दिसत नाही एवढंच. त्याचा सॉकेट दुसऱ्या वर्षी वितळला.

दुसऱ्यांदा

आठ महिने सुखात गेले. मग मिल्ड्युराहून मंगो राष्ट्रीय उद्यानात गेलो, साधारण ११० किलोमीटर, बराचसा कच्चा रस्ता, आणि दुसऱ्या सकाळी वाटीतलं नाणं बर्फाच्या तळाशी. वायर जाड, प्लग चांगला, पायरी मधली. आता काय?

या वेळी मीटर बरोबर होता. धन बाजूला ०.५, ऋण बाजूला ०.०४. एकाच बाजूला आणि एवढा मोठा, म्हणजे वायर नव्हे, एखादा सांधा. फ्यूजच्या दोन्ही टोकांवर मीटर ठेवला: ०.४६. फ्यूज काढला तर त्याचा एक पाय तपकिरी झालेला, आणि फ्यूजच्या घराचं प्लास्टिक त्या बाजूला किंचित वाकलेलं. नवी वायर टाकताना फ्यूजचं घर मी जुनंच ठेवलं होतं, ते दोन डॉलरचं, उघडं, रबराची टोपी असलेलं. धुळीने आत शिरून पकड सैल केली होती.

तात्पुरतं म्हणून फ्यूजचे पाय चाकूच्या टोकाने घासले, घराची पकड पक्कडीने हलकेच आवळली. आकडा ०.०६ वर आला आणि उरलेली सहल निभावली. घरी येऊन झाकण घट्ट बसणारं सीलबंद घर आणलं आणि ते बॅटरीपासून वीतभर अंतरावर लावलं. फ्यूज फ्रीझरपाशी लावून उपयोग नाही, त्याचं काम मधली सात मीटर वायर सांभाळायचं आहे.

फ्यूजऐवजी तार जोडून टाकायचा सल्लाही त्या कॅम्पवर मिळाला होता. पलंगाखाली बॅटरी आहे आणि पलंगावर आम्ही झोपतो.

तिसऱ्यांदा, दुपारी

जानेवारीत मरे नदीकाठी, बाहेर ४३ अंश. या वेळी फ्रीझर रात्री नाही, दुपारी दोनला बंद पडला. ऊन भरपूर, बॅटरी १३.६ वर. व्होल्टेजचा प्रश्नच नाही.

इथे त्या कंप्रेसरचा एक गुण कामाला येतो. त्याच्या नियंत्रक पेटीला एक छोटा दिवा जोडता येतो, आणि बिघाड झाला की तो दर चार सेकंदांनी ठराविक वेळा लुकलुकतो. कितीतरी फ्रीझरांत हा दिवा जाळीच्या आत, खाली वाकून टॉर्चने बघावा लागतो. एकदा लुकलुकला तर बॅटरीचं व्होल्टेज कमी. दोनदा, तर पंखा जास्त वीज ओढतोय. तीनदा, तर कंप्रेसरची मोटर सुरूच होत नाही, बहुधा नळ्यांतला दाब अजून उतरलेला नाही, म्हणून पाच-दहा मिनिटं थांबून बघा. चार वेळा, तर मोटर ओझ्याखाली किमान वेगही धरू शकत नाही. पाच वेळा म्हणजे नियंत्रक पेटी तापली. फ्लिंडर्सला मला हे माहीत असतं तर एक लुकलुक बघून दोन महिने आणि एका बॅटरीचे पैसे वाचले असते.

आता दिवा पाचदा लुकलुकत होता. नोजबॉक्सचं झाकण उघडलं तर भट्टीचं दार उघडल्यासारखी वाफ तोंडावर आली. पेटारा काळ्या रंगाचा, तोंड उन्हाकडे, आणि धूळ नको म्हणून मीच हवेच्या जाळ्यांवर चिकटपट्टी मारलेली. फ्रीझर आतली उष्णता बाहेर फेकतो म्हणजे कुठे फेकतो, तर त्याच बंद पेटाऱ्यात, आणि तीच गरम हवा पुन्हा स्वतःच ओढून घेतो. कंप्रेसरला दमच मिळत नव्हता.

त्या दिवशी झाकण काठीने अर्धवट उघडं ठेवलं आणि गाडीच्या काचेची चंदेरी झडप पेटाऱ्यावर अंथरली. तासाभरात फ्रीझर सुरू झाला. नंतर पेटाऱ्याच्या एका बाजूला खाली आणि समोरच्या बाजूला वर अशा दोन जाळ्या बसवल्या, वरच्या जाळीवर संगणकातला १२ सेंटिमीटरचा पंखा, हवा बाहेर फेकणारा. पंखा फ्रीझरच्या वायरवर नाही, वेगळ्या स्विचवर आहे. कच्च्या रस्त्यावर जाळ्यांना झाकण, मुक्कामी पोचलं की झाकण काढायचं. हे काढायचं विसरू नये म्हणून झाकणांना लाल फीत बांधली आहे आणि ते काम आठ वर्षांच्या लेकीकडे दिलंय. ती विसरत नाही. मी विसरायचो.

४३ अंशांत उणे १८ चा हट्टही सोडला. आठ-दहा दिवसांच्या सहलीला उणे १५ पुरे होतं. घरून निघायच्या आदल्या दिवशी २४० व्होल्टवर फ्रीझर उणे १८ ला नेऊन, घरच्या फ्रीझरमध्ये आधीच दगडासारखं झालेलं सामान त्यात भरतो. कोमट खिमा ट्रेलरच्या फ्रीझरने गोठवायचा म्हणजे बॅटरीवर दरोडा.

बाकीचं थोडक्यात

वायर, सांधे, हवा हे सगळं ठीक असूनही तिसऱ्या-चौथ्या रात्री फ्रीझर दमत असेल तर मात्र बॅटरी खरंच भरत नाही. फ्रिज आणि फ्रीझर मिळून आमच्याकडे उन्हाळ्यात दिवसाला ७० ते ८० अँपिअर-तास जातात. त्यातला बराच मोठा वाटा फ्रीझरचा. नव्या गाड्यांचे अल्टरनेटर पेट्रोल वाचवायला व्होल्टेज खाली आणतात, त्यामुळे गाडीतून नुसती वायर मागे ओढून ट्रेलरची बॅटरी भरत नाही, मध्ये डीसी-डीसी चार्जर, म्हणजे ते व्होल्टेज बॅटरीला हवं तेवढं वर नेणारी पेटी, लागतो, आणि अशा गाडीत त्याची इग्निशनची वायर जोडलेली आहे ना तेही बघा. आमच्या ओळखीत एकाने ती जोडलीच नव्हती, चार्जर गाडी चालू आहे की बंद हेच ओळखत नव्हता.

सोलर पॅनल इथे उत्तरेकडे तोंड करून लावायचं. पुण्याहून आलेल्या मेव्हण्याने मोठ्या उत्साहाने दक्षिणेकडे लावून दिलं होतं, आणि दुपारी बॅटरी का चढत नाही म्हणून आम्ही दोघं वायरी हलवत बसलो होतो. सावलीसाठी ट्रेलर निलगिरीखाली लावलात तर पॅनल लांब वायरीवर उन्हात न्या. नदीकाठच्या थोराड निलगिरींखाली मुक्काम तसाही करू नये, वारा नसतानाही त्यांची फांदी कोसळते.

आणि वजन. रिकामा फ्रीझर वीस किलोच्या आसपास, भरला की चाळीसच्या वर, आणि नोजबॉक्स म्हणजे नेमका ट्रेलरच्या जुवावर. जोडणीच्या गोळ्यावर येणारं वजन एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के असावं असा इथे ठोकताळा आहे, पण तुमच्या गाडीची आणि टोबारची, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या दांड्याची, छापील मर्यादा आधी बघा. आमचं फ्रीझरमुळे मर्यादेच्या काठावर गेलं. मग पुढे अडकवलेले पाण्याचे दोन कॅन मागे नेले आणि गॅसची एक टाकी घरीच ठेवली. नेमक्या त्याच सहलीत तिसऱ्या दिवशी गॅस संपला, पण तो दोष फ्रीझरचा नाही.